तांबड्या होल्याचे मातकट नर

चिपळूणला माझ्या परसात फणसाखाली रोज सकाळी कवडे उतरतात. मानेवर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची शाल पांघरल्यासारखे. आमच्याकडे पावसाच्या, झाडोऱ्याच्या मुलखात हाच एक कवडा घरचा. खाली वाडीत कधीतरी पाचूसारखा हिरवा कवडा दिसतो, तो मात्र लाजरा. कोरड्या, उघड्या रानातले कवड्यांचे भाऊबंद, म्हणजे होले, बघायचे तर घाट चढून वर जावं लागतं. गेल्या थंडीत एका मराठी पक्षिपुस्तकाची चित्रं रंगवताना होल्यांच्या पानाशी माझी गाडी अडली, आणि म्हणून मी खानदेशात गेले. निदान जाताना तरी एवढंच कारण होतं.

जळगावची शैलजा माझी पुण्याच्या वसतिगृहापासूनची मैत्रीण. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाली, लग्न केलं नाही, आणि निवृत्तीनंतरचा सगळा वेळ पक्ष्यांना दिला. तिचा फोन आला तोच घाईचा.

"मंदा, होल्यांचं पान रंगवलंस का?"

"नाही अजून."

"मग थांब. इथे तांबड्या होल्याचे नर मातकट झालेत. डोकं नराचं, घुमणं नराचं, पण पाठीवर तांबडेपणाच नाही. पाठवलेले फोटो पाहिलेस ना?"

फोटो मी पाहिले होते. त्यांत नेहमीचा, छान विटकरी पाठीचा नर होता. तुलनेसाठी तिने साधा नर आधी पाठवला असेल, खरे फोटो मागून येतील, असं मला आता वाटलं; तेव्हा तर मी नुसतं "सुंदर!" असं लिहून मोकळी झाले होते. तिने त्याचा अर्थ भलताच लावला होता.

"ये तू. रंग घेऊन ये," ती म्हणाली. मी रंगांची पेटी भरली.

जळगाव

शैलजा स्टेशनवर आली होती. मी तिला शोधत तिच्याच शेजारून पुढे गेले, इतकी ती वाळली होती. "मधुमेह वगैरे नाही ना गं?" मी विचारलं. "वय," ती म्हणाली, आणि माझी पिशवी हिसकावून घेऊन रिक्षाकडे चालू लागली.

थंडीत जळगावला जाणाऱ्याने पहिल्या रात्रीच भरीत खावं. हिरवट-पांढरी, दुधीएवढी वांगी काट्याकुट्यांवर भाजतात, आणि लाकडी बडगीत हिरवी मिरची, लसूण घालून ठेचतात. आमच्याकडे भरताला दही, ओलं खोबरं लागतं. इथे ते नाव काढलं तर लोक दयेने बघतात. शैलजाने शेजारणीकडून भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या आणवल्या होत्या. मी तिखटाने नाक पुसत खात होते. ती मात्र दोन घास खाऊन थांबली. जेवणाआधी तिने पाठमोरी होऊन मूठभर गोळ्या घेतल्या. "शक्तीच्या," ती म्हणाली.

सकाळी आम्ही मेहरूण तलावाकडे गेलो. धुकं विरत होतं. विजेच्या तारेवर पाच-सहा होले छाती फुगवून बसलेले. शैलजा वर्गात शिकवावं तशी शिकवू लागली.

"पहिलं माप घे. मग मान बघ. मग शेपटी. मग आवाज. रंग सगळ्यात शेवटी, कारण ऊन, सावली, धूळ, सगळी रंगाला फसवतात. सांग आता, हा कोण?"

"मोठा. राखी. मानेमागे काळी कंठी. लांब शेपटी."

"पठाणी होला. आणि तो खालचा?"

खालचा बारीक होता. त्याला कंठी नव्हती, गळ्याच्या पुढच्या बाजूला मात्र बुद्धिबळाच्या पटासारखे बारके काळे-तांबूस चौकोन होते. तो छोटा होला, हसल्यासारखा घुमतो तो.

"आता खरी परीक्षा," शैलजा म्हणाली. "तांबड्या होल्याची मादी. तिलाही काळी कंठी, अंगही राखी-मातकट. पठाणी होल्यापासून वेगळी कशी काढशील?"

"लहान असते."

"एकटी बसली असेल तर? लहान कुणापेक्षा ठरवणार?"

मी हार मानली. तिला तेच हवं होतं. "शेपटी आखूड, बांधा भरीव, आणि अंग थोडं गडद. म्हणून मादी कठीण आणि नर सोपा. नराची पाठ विटेसारखी, डोकं निळसर राखी. पोरही ओळखेल. पण इथले नर आता तसे राहिले नाहीत. हा रंग फक्त आपल्याकडच्या पट्ट्यात बदललाय की सगळीकडे, ते बघायला हवं. वेगळा प्रकार निघाला तर?"

तिचे डोळे चमकत होते. इतकी वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेलं शिकवलं, आता स्वतःला काहीतरी दिसलंय, याचा तो आनंद होता. तिच्याबरोबर पक्षी बघणाऱ्या एका गृहस्थाने फोटो पाहून "मस्त नर आहे" एवढंच म्हटलं, म्हणून ती त्याच्यावर रागावली होती. "त्याला बघताच येत नाही," ती म्हणाली.

त्या सकाळी तांबडा होला काही दिसला नाही. तिने ठरवलं, तिच्या मूळ गावी जायचं. तिथे बांधावर हमखास असतात.

पांझरेच्या काठी

अमळनेरपर्यंत रेल्वेने, पुढे गाडी बदलून. गावाचं नाव सांगत नाही, अक्कांना ते आवडणार नाही. अक्का म्हणजे शैलजाची थोरली बहीण, सत्तरीच्या, नवऱ्यामागे माहेरच्या शेतात राहून ते कसणाऱ्या. मला बघून त्यांनी आधी खाट झटकली.

"ये व माय, बठ. कोकणथून उनी ना तू? दमनी व्हशी."

मला अहिराणी येत नाही, पण या भाषेत कुणी 'बठ' म्हटलं की पाय आपोआप दुखायला लागतात. संध्याकाळी चुलीवर दादरच्या भाकरी झाल्या. दादर ही इकडची थंडीतली ज्वारी. भाकरी पांढरीशुभ्र, आणि तोंडात किंचित गोड. सोबत शेंगदाण्याचा ठेचा आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी. अक्का भात रांधत होत्या तो फक्त माझ्यासाठी. कोकणातल्या माणसाला भाताशिवाय झोप येत नाही, अशी त्यांची पक्की समजूत. ती चुकीची नाही.

आम्ही होले बघायला आलोय हे ऐकून अक्का हसल्या. "त्याना करता एवढं लांब? अठे बठ्ठा होलाच शेतस!"

सकाळी आम्ही बांधावरून निघालो. एका अंगाला कापसाची शेवटची वेचणी चाललेली, दुसऱ्या अंगाला गव्हाची कोवळी पाती. मधल्या बाजरी काढलेल्या रानात होल्यांचा थवा दाणे टिपत होता. आमच्या पावलांनी थवा उडाला, आणि त्यातला एक समोरच्या बाभळीच्या उघड्या फांदीवर जाऊन बसला. लगेच घुमू लागला. घाईघाईचं, एका ठेक्यातलं घुमणं.

ऊन थेट त्याच्या पाठीवर होतं. मी दुर्बीण लावली. भट्टीतून नुकती काढलेली वीट असावी, तसा रंग. त्यावर थोडी जांभळट झाक. डोकं पावसाळी ढगासारखं निळसर राखी, आणि दोन्ही रंगांच्या मधे काजळाची रेघ ओढावी तशी काळी कंठी. कागदावर हा रंग कसा उतरवायचा याचाच मी विचार करू लागले.

"दिसला?" शैलजा माझ्या कानाशी कुजबुजली. "हाच तो. बघ पाठ. माती, निव्वळ माती."

मला वाटलं, ती दुसऱ्या कुठल्या पक्ष्याकडे बघतेय.

"कुठला गं? फांदीच्या टोकावरचा?"

"मग दुसरा कुठे आहे तिथे? आता मान फिरवली बघ. डोकं राखी आहे ना? हा नर आहे, मंदा. आणि पाठीवर तांबडेपणाचा टिपूस नाही."

पक्षी एकच होता. त्याने मान फिरवली होती, तीही तिने सांगितल्या क्षणी. मी दुर्बीण खाली घेतली, तिच्याकडे बघितलं. ती थट्टा करत नव्हती.

बांधावर बसून मी त्या होल्याचं चित्र केलं. तो बराच वेळ जागेवर राहिला, माझ्यावर उपकार केल्यासारखा. शैलजा शेवग्याच्या सावलीत बसून पुढचे बेत सांगत होती. बऱ्हाणपूरकडे जायचं, नंदुरबारकडे जायचं, रंग कुठे बदलतो ती सीमा शोधायची. मी "हं, हं" म्हणत विटकरी रंग कालवत होते.

घरी परतल्यावर ओट्यावर चित्र वाळायला ठेवलं. शैलजा जवळ आली, चष्मा वर करून तिने बारकाईने पाहिलं.

"बरोब्बर," ती म्हणाली. "हाच मातकट. तू नेमका पकडलास."

कागदावर वीट होती. मी पेटीतून मादीच्या पंखाचा मातकट रंग कालवला, विटकरीइतकाच गडद केला आणि नराच्या पाठीशेजारी त्याचा एक पट्टा ओढला.

"आणि हा?"

"हा तोच ना. जरा पुसट."

"शैलजा, नीट बघ. दोन्ही एकच आहेत?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. कागद उचलून ती अंगणातल्या उन्हात गेली, सावलीत आली, पुन्हा उन्हात गेली. मी तिला सांगितलं. सरळच सांगितलं, कारण आडून सांगण्याजोगं ते नव्हतं. नर मातकट झालेले नाहीत. या एका होल्याची पाठ विटेसारखी तांबडी आहे, फोटोतल्या होल्याचीही होती, आणि ते तुला दिसत नाही.

"म्हणजे मी आंधळी?" तिचा आवाज चढला. "जन्मभर हिरव्या पानांच्या छटा शिकवल्या मी! तू चित्रं रंगवतेस म्हणून रंग फक्त तुलाच कळतात का?"

"तसं नाही गं..."

"मग कसं? एवढ्या लांबून आलीस ते मला खोटं पाडायला?"

अक्का आत पीठ मळत होत्या. हात तसेच घेऊन त्या उंबऱ्यात आल्या.

"मांगला महिनामा उनी तवय मी हिले मिरच्या निवडाले बसाडी व्हती," त्या मला म्हणाल्या. "लाल आनि हिरव्या, बठ्ठ्या एकमा करी टाक्यात. मी म्हनं, आंगमा ताकद नही, म्हनीसन व्हत व्हई. त्या गोळ्यास्नी थकाडी टाकं तिले."

"शक्तीच्या गोळ्यांनी?" मी विचारलं.

"शक्तीन्या कसान्या? टीबीन्या शेतस त्या!"

"अक्का!" शैलजा ओरडली. आणि मग मटकन खाटेवर बसली.

हळूहळू सगळं बाहेर आलं. पावसाळ्यात तिला क्षयरोग निघाला होता. अक्कांशिवाय कुणालाच तिने सांगितलं नव्हतं. "एका ओळखीच्या घरी सांगितलं, तर त्यांनी मला वेगळ्या कपात चहा दिला," ती म्हणाली. "मग म्हटलं, नकोच." औषध तिने एक दिवसही चुकवलं नव्हतं. खोकला गेला होता, ताप गेला होता, तपासणीत रोग आटोक्यात आल्याचं कळलं होतं.

"डोळ्यांचं काही बोलले होते का डॉक्टर?" मी विचारलं. माझ्या मावसभावाच्या आजारपणात असलं काहीतरी ऐकल्याचं अर्धवट आठवत होतं.

तिने कागद मांडीवर घेतला.

"बोलले होते. दिसण्यात फरक पडला तर लगेच या म्हणाले होते. पण मला वाटलं, फरक म्हणजे धूसर. मला धूसर दिसत नव्हतं गं. शेपटी दिसत होती, कंठी दिसत होती, लांबच्या तारेवर बसलेला दिसत होता." मग हळू आवाजात, "पक्ष्यांचा रंग उडाला असंच वाटलं मला. माझ्याच डोळ्यांतून उडाला असेल, हे मनातही आलं नाही."

मी उद्या जळगावला परत जाऊ म्हटलं. अक्कांनी ते मोडून काढलं. धुळे जवळ, आजच निघा.

"होला कोठे जातस नही," त्या म्हणाल्या. "आधी डोया दखाडी ये."

धुळे

डोळ्यांच्या डॉक्टर तरुण होत्या, आणि मुख्य म्हणजे ऐकून घेणाऱ्या. शैलजाने होल्यांपासून सुरुवात केली. मला वाटलं, आता या मधेच थांबवतील. त्यांनी थांबवलं नाही. गोळ्यांची पाकिटं मात्र हातात घेऊन एकेक उलटीसुलटी करून वाचली. मग त्यांनी एक जाड पुस्तक काढलं. पानापानावर रंगीत ठिपके, आणि ठिपक्यांत लपलेले आकडे.

"हा कुठला?"

"आकडा आहे का इथे?" शैलजाने विचारलं.

मला माझ्या खुर्चीवरून तो स्वच्छ दिसत होता. पुढचं पान. त्यातलाही नाही. त्याच्या पुढचं पान. शैलजाचे हात मांडीवर होते, ते एकमेकांत घट्ट गुंतले. मी जिन्यात जाऊन उभी राहिले. मला ते बघवेना.

थेंब घालून, आतून तपासून झाल्यावर डॉक्टरांनी समजावून सांगितलं. क्षयावरच्या औषधांत इथॅमब्युटॉल नावाची एक गोळी असते. बहुतेकांना तिचा काही त्रास होत नाही. थोड्या लोकांच्या डोळ्यांच्या नसेवर परिणाम होतो, आणि कधी कधी सगळ्यांत आधी लाल-हिरव्याचा भेद जातो. त्यांनी समोरच शैलजाच्या क्षयाच्या डॉक्टरांना फोन लावला. दोघांचं बोलणं होऊन ती गोळी त्याच दिवसापासून बंद करायचं ठरलं. बाकीचं औषध चालूच ठेवायचं. "स्वतःच्या मनाने यातलं काही थांबवायचं नाही," त्यांनी दोनदा बजावलं.

"रंग परत येईल?" शैलजाने विचारलं.

"बहुतेकांचा येतो. वेळ लागतो, महिने लागतात. पूर्ण येईल असं मी आज नाही सांगू शकत." मग त्या म्हणाल्या, "अजून चार-दोन महिने अशाच घेत राहिला असता, तर मी हेही बोलू शकले नसते. बऱ्याच लोकांना रंग गेलेला कळतच नाही. वाचता येईना झालं की येतात. तुम्ही पक्षी बघता म्हणून लवकर कळलं."

बाहेर ऊन चढलं होतं. थेंबांमुळे शैलजाच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, म्हणून तिला दवाखान्यातला काळा चष्मा दिला होता. आम्ही शेवभाजी खायला बसलो. धुळ्याची शेवभाजी म्हणजे काळ्या मसाल्याच्या रश्श्यात जाड शेव, वर तेलाचा तवंग. आमच्याकडच्या माशाच्या कालवणाची आठवण झाली, तेवढीच धीट. मला वाटलं होतं शैलजा जेवणार नाही. ती पोटभर जेवली.

परतीला वेळ होता म्हणून लळिंगच्या किल्ल्याच्या पायथ्याशी जाऊन बसलो. तिला धड काही दिसत नव्हतं, चढण्याचा प्रश्नच नव्हता. वर कातळातून पारव्यांचे थवे सुटत होते, गोल फिरून पुन्हा कातळात शिरत होते. खाली झुडपांत होले घुमत होते. काळ्या चष्म्याआडून ती ऐकत होती.

"पठाणी," ती म्हणाली. थोड्या वेळाने, "छोटा." नंतर डावीकडून घाईघाईचं घुमणं आलं, तसं मी तिच्याकडे बघितलं. तिने नाव घेतलं नाही.

"मला भीती वाटतेय, मंदा," ती म्हणाली. "मरायची वाटली नव्हती तेव्हा, इतकी."

मी तिचा हात धरला. आमच्या मैत्रीत हात धरायची पद्धत नाही. पण तिने तो काढून घेतला नाही आणि मीही सोडला नाही. काही वेळाने तिनेच विषय बदलला. माझ्या चित्रात मादीची शेपटी बोटभर लांब झालीय, म्हणाली. तशी राहिली तर लोक तिला पठाणी समजतील. मी म्हटलं, मादी मी अजून काढलेलीच नाही, तो नुसता रंगाचा पट्टा होता. "मग काढशील तेव्हा आखूड काढ," ती म्हणाली.

चिपळूण

होल्यांचं पान आता पूर्ण झालंय. पठाणी, छोटा, आमचा ठिपक्यांचा कवडा, आणि तांबड्या होल्याची जोडी. आकार मी शैलजाला फोनवर वाचून दाखवत होते, ती मोजमापं सांगत होती. मादीवरून आमची दोनदा भांडणं झाली आणि दोन्ही वेळा तिचंच बरोबर होतं. कोणता पक्षी कुठे सापडतो ते दाखवणारा छोटा नकाशा कोपऱ्यात आहे. त्यात तांबड्या होल्याचा प्रदेश पूर्वीपासून ठाऊक होता तेवढाच ठेवलाय.

तिचे औषधाचे महिने संपले. क्षय गेला. डोळ्यांचं मात्र ती विचारल्याशिवाय सांगत नसे, आणि मी विचारायला बिचकत होते. "वाचता येतंय," एवढंच म्हणायची. एकदा म्हणाली, आता दोन रंगांत काहीतरी फरक आहे हे कळतं, पण कुठला कोणता ते नाही.

परवा दुपारी मासळी साफ करत होते, तेव्हा तिचा फोन आला. मागे स्टँडचा गोंगाट. कंडक्टरच्या शिट्ट्या, कुणीतरी "चोपडा, चोपडा" ओरडतंय.

"कुठे आहेस?" मी विचारलं.

"अक्काकडे निघालेय. स्टँडवर उभी आहे." मग काहीच नाही. मला वाटलं, फोन कटला.

"शैलजा?"

"अगं, आत्ता गाडी आली. वळून समोर लागली. मंदा, एसटी लाल असते."

मासळीच्या हातांनीच मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग बस की त्यात," मी म्हटलं.

"गेली ना ती," शैलजा म्हणाली. "मी बघतच राहिले."